दहा वाजता रस्ता ओलांडणारा माणूस

चित्रकाराच्या शर्टावर रंगाचा एकही डाग नव्हता. त्याचे कपडे धुवायला यायला लागून तिसरा आठवडा, हा सहावा शर्ट. झेलीने बाह्या उजेडात धरून पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या, कॉलरच्या आत पाहिलं. घाम होता, तंबाखूचा वास होता, उजव्या बाहीच्या टोकाला शाईचे तीन ठिपके होते. रंग? शपथेला नाही.

"हा म्हणे चित्रकार," ती शर्टालाच म्हणाली. "मग मी बिशप."

वीस वर्षं झेली लोकांचे कपडे धूत, खळ घालत, इस्त्री करत आली होती, त्यातली शेवटची सहा पॅरिसमधल्या आमच्या बातिन्योल वस्तीत. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगो, तिचा विश्वास बाहीवर. कोपऱ्यावरचे जे गृहस्थ स्वतःला बँकेतले म्हणवायचे, ते खरं तर खानावळीत ताटं उचलतात, हे तिने रश्श्याच्या डागांवरून ओळखलं होतं. त्यांच्या बायकोच्या आधी ओळखलं होतं. आणि चित्रकार तर आमच्याकडे पैशाला पासरी. त्यांचे शर्ट म्हणजे हिरवं, पिवळं, निळं, सगळी होळी. हा एकटाच असा धुतल्या तांदळासारखा. बाहीला नुसती शाई. समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दिवसभर दुर्बीण लावून बसायचं आणि काहीतरी लिहायचं, हे कोणाचं काम असतं?

झेलीला उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच तिचा हात थांबला होता.

"जळतंय," मागून बाझील म्हणाला.

तिने चटकन इस्त्री उचलली. कापड थोडक्यात वाचलं.

"तू आत जा. दारात उभा राहू नकोस."

"दहा वाजत आले. टोपली भरून ठेवलीय."

"आज टोपली मी नेते."

"का? माझे पाय मोडले की काय?"

"बाझील, मी सांगते ना, आत जा!"

बाझील म्हणजे तिचा नवरा. पण हे ती, तो आणि देव, एवढ्यांनाच माहीत. गल्लीच्या लेखी तो आन्सेल्म, ओव्हर्न्यच्या डोंगरातून आलेला तिचा चुलतभाऊ. बाझील नावाचा तोफखान्यातला माणूस सहा वर्षांपूर्वी, अठराशे एकाहत्तरच्या मे महिन्यात मेला, असं सरकारदरबारी लिहिलेलं होतं. शहराचा कारभार शहराने करायचा म्हणून पॅरिस दोन महिने सरकारशी लढलं, आणि शेवटच्या आठवड्यात सैन्य आत शिरलं, तेव्हा मेला. लिहवून कोणी घेतलं? झेलीने. एका अंगणात प्रेतांच्या रांगा लावल्या होत्या. ज्याचा चेहरा उरला नव्हता अशा एकाकडे तिने बोट दाखवलं, "हाच माझा धनी" म्हणाली आणि ऊर बडवून रडली. खरा धनी त्या वेळी कोळशाच्या तळघरात, डाव्या खांद्यात गोळी घेऊन पडला होता. तेव्हापासून झेली काळे कपडे घालते, आणि ज्याच्यासाठी घालते तोच त्यांना इस्त्री करतो.

पत्ता लागला तर? त्याची रवानगी जहाजातून न्यू कॅलेडोनियाच्या बेटावर, जिथून पत्र यायला चार-पाच महिने लागतात. आणि खोटी शपथ घेतली म्हणून ती तुरुंगात. माफीच्या गोष्टी लोक अधूनमधून करायचे, पण गोष्टीच.

आणि पत्ता कसा लागतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. लढाई ऐन रंगात असताना सगळ्यांनी रस्त्यात दगड रचून उभारलेल्या अडसरावर, तोफेला टेकून, छाती काढून फोटो काढून घेतला होता. हौस! हरल्यावर पोलिसांनी ते फोटो गोळा केले, भिंग लावलं आणि एकेक तोंड वेचून काढलं. सोडून आलेल्या जुन्या गल्लीतला शेजारी गास्पार, पिंपं बनवणारा, तीन महिन्यांनी पावाच्या रांगेत सापडला. पकडणाऱ्याच्या हातात फोटो होता. बाझील त्या फोटोत नव्हता, कारण त्या क्षणी तो दारूची बाटली आणायला गेला होता. त्या बाटलीला झेली अजून दुवा देते. गास्पारला नेलं त्या दिवशी घरी येऊन तिने लग्नाचासुद्धा फोटो चुलीत घातला होता.

आता समोरच्या नव्या इमारतीत हे चित्रकार मस्यू एव्रार राहायला आलेत, दोन महिने झाले. कोणी आपल्या माणसाकडे इतकं निरखून बघायला लागलं, की झेली त्याचे शर्ट उजेडात धरून बघणारच. तुम्ही नसते बघितले?

टोपली तिनेच नेली. समोरच्या इमारतीच्या दाराशी दरवानीण पोलीनबाई स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. या बाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं, कडीसुद्धा नव्हती.

"काय हो विधवाबाई, चुलतभावाला आज सुट्टी?"

"ताप आलाय त्याला."

"येणारच! तुमच्याकडे फार ऊब." पोलीनबाईने डोळा मारला.

दुसरा कोणता दिवस असता तर झेलीने तिला तिथेच चार सुनावल्या असत्या. आज तिने राग गिळला.

"पोलीनबाई, तुमच्या त्या चित्रकाराला कधी रंगवताना पाहिलंत का हो?"

"वर चढायला मला गुडघे आहेत कुठे? आठवड्यातून एकदा झाडायला जाते. तेव्हा ते भलंमोठं कापड भिंतीकडे तोंड करून ठेवतो, मी काय खाणार आहे त्याला! पण वही बघितलीय हं. घड्याळ बघतो, लिहितो. घड्याळ बघतो, लिहितो. परवा मला विचारत होता..."

"काय?"

"तुमच्या दुकानातून दहा वाजता टोपली घेऊन निघतो तो माणूस कोण म्हणून."

 झेलीने टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली, विचार करायला तेवढाच वेळ.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार! म्हटलं, विधवेचा चुलतभाऊ. फारसा चुलत नाही, पण भाऊ म्हणायचं." आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली, की वाटाणे सांडले.

दुसऱ्या दिवशी झेलीने शर्टांची घडी घातली आणि स्वतः तिसरा मजला चढली. एरवी शर्ट दरवानिणीकडे ठेवायची पद्धत. पण एकदा त्या खोलीत नजर टाकल्याशिवाय तिला घास गिळवत नव्हता.

दार उघडलं ते स्वतः एव्रारने. तिशीचा, काटकुळा, दाढी विस्कटलेली. अंगात निळा डगला, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत रंगाने लडबडलेला. खालच्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. टेबलावर दौत, टाक, वही. म्हणजे लिहिताना बाह्या खाली, रंगवताना वर, वरून डगला. शर्टाचं कोडं सुटलं. सुटल्यावर माणसाने निश्चिंत व्हावं की नाही? पण झेलीच्या मनात आलं, असला डगला जुन्या बाजारात कोणालाही मिळतो, रंगासकट.

"शर्ट आणलेत, मस्यू."

"अरे वा, तुम्ही स्वतः? ठेवा ना त्या खुर्चीवर. नको, तिच्यावर नको, ती ओली आहे."

खिडकीपाशी ते कापड उभं होतं, मोठं, दोन पलंगपोसांएवढं. शर्ट ठेवायच्या निमित्ताने झेली थेट त्याच्यापुढे गेली. नाक लावायचंच बाकी ठेवलं.

आणि तिला हसू आलं. अहो, होतं काय त्यात! राखाडी फराटे, मध्ये काळे फटकारे, कुठे चिमूटभर लाल, कुठे चुना थापावा तसा पांढरा. माणूस नाही, घोडा नाही, काही नाही. दोन महिने एवढ्यासाठी जीव मुठीत धरला होता! लावा म्हणावं आता भिंग, हवं तेवढं लावा.

"हे काय आहे, मस्यू?"

"तुमचा रस्ता."

"आमचा रस्ता इतका घाण नाही हो. आम्ही झाडतो."

एव्रारही हसला. "इतक्या जवळून नाही, मादाम. मागे व्हा. आणखी मागे. दारापाशी जा आणि मग बघा."

ती हसत हसतच मागे गेली. पाठ दाराला टेकली, तिने मान वर केली आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

रस्ता होता. ओला, सकाळचा, पाऊस पडून गेल्यानंतरचा. फराट्यांच्या घोडागाड्या झाल्या होत्या. फटकाऱ्यांच्या टोप्या आणि छत्र्या. छत्रीवाली बाई कोणाला तरी वाट देत बाजूला होत होती. एक कुत्रा मान वर करून बघत होता. आणि ज्याला वाट दिली होती, ज्याच्याकडे कुत्रा बघत होता, तो रस्त्याच्या मधोमध कमरेच्या उजव्या बाजूला टोपली घेऊन चालला होता. डावा खांदा खाली गेलेला, डावा हात कमरपट्ट्यात खोचलेला. तोंड मसुराच्या दाण्याएवढं, त्यात नाक ना डोळे. पण तोंडाची गरजच नव्हती. तोफखान्यातल्या कोणत्याही माणसाने, जुन्या गल्लीतल्या कोणत्याही पोराने खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारली असती, "अरे, बाझील!"

"हा माझा लाडका," एव्रार तिच्याशेजारी येऊन म्हणाला. "सगळ्यात आधी हा सापडला, मग बाकीचा रस्ता त्याच्याभोवती उभा केला. रोज दहाला निघतो. तुम्ही ओळखता त्याला?"

"नाही."

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं, आपण काय मूर्खपणा केला ते. हा माणूस दोन महिने तिच्याच दुकानाच्या दाराकडे बघत बसला होता. एव्रारने एक डोळा बारीक करून तिच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे बघायचा तसं.

"नाही?"

"रस्त्याने हजार माणसं जातात, मस्यू. कोणाकोणाला ओळखायचं?"

"तेही खरंच." तो चित्राकडे वळला. "सोमवारी नेणार आहेत हे. प्रदर्शन आहे. सगळं पॅरिस येईल. हसायलाच येईल, पण येईल. तेवढा हात मात्र मला अजून साधला नाही. असा का धरतो तो? खांद्याला काहीतरी झालं असणार. काय झालं असेल, गोळी?"

"मला काय विचारता! मी कपडे धुते," झेली म्हणाली आणि जिना कसा उतरली ते तिचं तिला कळलं नाही.

दुकानाला कडी घालून तिने बाझीलला सगळं सांगितलं. चुलीवर कोबीचं सूप उकळत होतं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिला वाटलं, हा पांढराफटक पडेल, कोळशाच्या तळघरात परत जायला निघेल. बाझील चमचा हातात धरून ऐकत होता.

"मोठा आहे का मी?" त्याने विचारलं.

"काय?"

"चित्रात. मोठा दिसतो का?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? त्याने गोळी म्हटलं, गोळी! नेमकं!"

"खांदा बघून कोणीही म्हणेल. टोपली कशी काढलीय?"

"बाझील, तो पोलिसांचा माणूस आहे. सोमवारी सगळं पॅरिस तुला बघणार. त्यात एक, फक्त एक ओळखीचा निघाला की संपलं!" तिचा आवाज फुटला. "गास्पारला कसं धरलं विसरलास?"

 त्याने पाव मोडून सुपात टाकला आणि खाली मान घालून जेवला. त्या गप्प बसण्याचाही झेलीला संशय आला. पण ते मनात ठेवून तिने पुढचं ठरवून टाकलं.

एव्रार बाराच्या ठोक्याला खानावळीत जायचा, दीड वाजेपर्यंत परतायचा नाही. शुक्रवारी बारा वाजून गेल्यावर झेली पोलीनबाईपुढे उभी राहिली. परकराच्या खिशात टर्पेंटाइनची बाटली आणि मऊ चिंध्या.

"तिसऱ्या मजल्यावरचे पडदे धुवायला न्यायचे आहेत. किल्ली देता का?"

"घ्या खिळ्यावरची. जा बाई तुम्हीच, माझे गुडघे आज माझ्याशी बोलत नाहीत."

कपड्यावरचा ओला तेलरंग कसा काढायचा, हे झेलीला कोणी शिकवायला नको होतं. चोळायचं नाही, टिपायचं. कडेकडून आत यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. तिने आधी टोपली काढली. मग पाय. मग कमरपट्ट्यात खोचलेला हात. खांद्यापाशी आल्यावर मात्र तिचा हात जड झाला. ज्या खांद्यातली गोळी तिने स्वतः, कात्री लाल करून, दातावर दात ठेवून काढली होती, तोच खांदा. "माफ कर रे," ती पुटपुटली आणि चिंधी दाबली. शेवटी मसुराएवढं तोंड एका टिपण्यात गेलं.

चिंध्या खिशात कोंबून, पडदे काखोटीला मारून ती दारापाशी आली आणि राहवलं नाही म्हणून वळून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध ओलसर राखाडी डाग होता. छत्रीवाली बाई अजून बाजूला होत होती, कोणासाठी कोण जाणे. कुत्रा मान वर करून रिकाम्या जागेकडे बघत होता. आणि डाव्या कोपऱ्यात, एका दुकानाच्या दारात, काळा उभा फटकारा होता. तो तिने काल पाहिलाच नव्हता. काळे कपडे घातलेली बाई, हात कपाळावर, नजर रस्त्यात. रोज दहा वाजता झेली अशीच उभी राहायची, तो पलीकडे सुखरूप पोहोचेपर्यंत. चित्रातली ती बाई अजून त्या डागाकडेच बघत होती. झेलीला तिच्याकडे बघवेना.

ती घरी आल्या आल्या बाझीलने मान वर केली. टर्पेंटाइनचा वास लपत नाही.

"काय केलंस?"

"पुसलं."

"सगळं?"

"तुला. तुला तेवढं पुसलं. आता येऊ दे ज्याला यायचं त्याला."

बाझीलने हातातली इस्त्री शेगडीवर ठेवली. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मला बघायचं होतं ते," तो म्हणाला. "प्रदर्शनात जाणार होतो मी. गुपचूप, गर्दीत. तुला सांगणार नव्हतो."

"म्हणजे तू..."

"मला ठाऊक होतं तो बघतो ते. पहिल्या आठवड्यापासून. आधी मी भिंतीच्या कडेकडेने जायचो, आठवतं? मग मधून जायला लागलो. तुला वाटलं, कडेला चिखल आहे म्हणून."

झेली खालीच बसली, कपड्यांच्या ढिगावर. इतके दिवस ती खिडकीवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती आणि घरातला माणूसच तिच्या पाठीमागून खिडकीला सामील होता!

"तो पोलिसांचा नाही, हे तुला कसं कळलं?"

"नाही कळलं."

"नाही कळलं म्हणजे?"

"म्हणजे नाही कळलं, झेली. अजूनही माहीत नाही. तरी गेलो." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "सहा वर्षं मी मेलेलो आहे. तुझ्यामुळे जिवंत आहे, ते मी जन्मात विसरणार नाही. पण कोणी माझ्याकडे बघितलं की मी मान खाली घालायची, कोणी हाक मारली की दुसऱ्याच्या नावाने ओ द्यायची. आणि हा एक माणूस रोज दहा वाजता माझी वाट बघायचा. तेवढा रस्ता ओलांडेपर्यंत मी कोणीतरी असायचो. पकडायला बघत असेल, नाहीतर नुसता बघत असेल. बघत होता ना!"

"आणि धरून नेलं असतं तर? मी काय केलं असतं, ते नाही आलं मनात?" आता ती रडतच होती. "मी कोणासाठी हे सगळं करते? कोणासाठी हे काळं पांघरलंय?"

"माझ्यासाठी. माहीत आहे मला." त्याने तिचे हात हातात घेतले, वासासकट. "पोलिसांना सहा वर्षांत जे जमलं नाही, ते तू चिंधीने केलंस. एवढंच म्हणतोय. रागावलो नाही."

रागावलो नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दोन वाजायच्या सुमाराला समोरचं दार धाडकन उघडलं. एव्रार डोक्यावर टोपी न घालता, डगल्यानिशी, गाड्यांमधून वाट काढत थेट दुकानाकडे येत होता. "आत जा," झेली कुजबुजली. बाझील हलला नाही. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, हातात तापलेली इस्त्री घेऊन.

एव्रारने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग पडद्यांच्या गठ्ठ्याकडे.

"मादाम, मी पडदे धुवायला सांगितले नव्हते."

"पोलिसांत जाणार आहात का?" तिने सरळच विचारलं. फिरवून बोलायची तिची ताकद संपली होती.

"पोलिसांत? कशाला?" त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, बाझीलवर थांबली, त्या डाव्या हातावर थांबली.  चुलीतले कोळसे तडतडले.

"खांद्याचं मी विचारायला नको होतं," एव्रार शेवटी म्हणाला. "चुकलं माझं. पण मला माझा माणूस परत हवाय. त्याच्याशिवाय तिथे नुसती माणसं आहेत, रस्ता नाही. उद्या शनिवार. सकाळचा उजेड मिळाला तर रविवारपर्यंत होईल." मग तो झेलीशी नाही, बाझीलशी बोलला. "दहा वाजता?"

बाझीलने नुसती मान डोलावली.

एव्रार गेला. झेलीने कडी घातली आणि त्याचा एकेक शब्द कपड्यासारखा उलटापालटा करून पाहिला. चुकलं माझं, म्हणाला. पोलिसांचा माणूस याहून वेगळं काय बोलला असता? वेळसुद्धा ठरवून गेला, दहा वाजता, भर रस्त्यात. यापेक्षा सोपं काय असतं? बाझीलला तिने हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असेलही."

सकाळी आभाळ मोकळं होतं, रस्ता ओला. पावणेदहाला झेलीने पडद्याच्या फटीतून वर पाहिलं. खिडकीत दोघे होते. एव्रार, आणि त्याच्याशेजारी गोल टोपीतला, जाड मिशांचा एक माणूस. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक असेल चित्राचं. नातेवाईक असेल. किंवा नसेल.

"दोघे आहेत," ती म्हणाली.

"बघितलं मी."

"बाझील, नको जाऊस. हात जोडते तुझ्यापुढे. सोमवारपर्यंत थांब, ते कापड एकदा गेलं की..."

"की मग काय? पुन्हा भिंतीच्या कडेने?" त्याने टोपली कमरेवर घेतली. "दुकानाची किल्ली तुझ्याकडे आहे. दार लाव हवं तर. मी भांडणार नाही."

किल्ली खरंच तिच्या खिशात होती. तिने खिशात हात घातला, किल्ली मुठीत धरली. दार लावलं असतं तर तो घरातच राहिला असता, आज, उद्या, पुढची दहा वर्षं. इस्त्री केली असती, सूप प्याला असता, आन्सेल्म म्हणून ओ दिली असती. ती दारात उभी राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली असती, त्या काळ्या फटकाऱ्यासारखी. तिला कालचा डाग आठवला, त्याला वाट देणारी बाई आठवली, आणि तिला एकदम स्वतःचाच राग आला, असा की डोळ्यांपुढे लाल दिसलं.

"सरक," ती म्हणाली आणि टोपलीची दुसरी कडी धरली.

"हे काय?"

"जड आहे. एकट्याला झेपत नाही तुला, दोन महिने बघतेय. चल आता, दहा वाजले."

दोघे पायरी उतरले. समोरून पोलीनबाई ओरडली, "अगंबाई, विधवाबाई! आज जोडीने?" झेलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक भाडोत्री गाडी गेली, दुसरी गेली, मग रस्ता मोकळा झाला. वर गोल टोपीवाल्याने एव्रारच्या हातातली दुर्बीण घेऊन डोळ्याला लावली.  सहा वर्षांची सवय झेलीची मान खाली ओढत होती.

"तो बघतोय," ती ओठ न हलवता म्हणाली. "नवीन माणूस. आपल्याकडेच."

"बघू दे."

"कोण असेल?"

"मला काय माहीत!" बाझील म्हणाला, आणि चक्क हसला. भर उजेडात, रस्त्याच्या मधोमध तो हसताना तिने कितीतरी वर्षांनी पाहिला.

झेलीचा त्या खिडकीवर आजही विश्वास नव्हता. तिने मान वर केली, सरळ त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपल्या दोघांचं चित्र नीट काढता यावं म्हणून पावलं हळू केली.